भिंत कुठे उभी राहायची, हे कोण ठरवतं?

जनुकसंपादित भाताच्या दोन वाणांची घोषणा ४ मे २०२५ रोजी दिल्लीत झाली आणि वाद पेटला. चाचण्यांचे आकडे कितपत विश्वासार्ह, बियाण्यावर हक्क कोणाचा, ग्राहकाला सांगायचं की नाही, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहून झालं आहे. हे प्रश्न रास्तच आहेत. पण या वाणांची मुळं ज्या विषयात आहेत, त्या पेशीविभाजनाबद्दल कुणी फारसं बोललं नाही. हैदराबादच्या ‘कमला’मध्ये सायटोकायनिन या संप्रेरकाचा नाश करणाऱ्या विकराचं जनुक संपादित केलं आहे. हे संप्रेरक पेशींना विभाजनासाठी चेतवतं. ते टिकलं की लोंबीत दाणे वाढतात. दिल्लीच्या ‘पुसा डीएसटी राइस १’मध्ये डीएसटी नावाचं जनुक संपादित केलं आहे. या जनुकात बदल केलेल्या भाताच्या पानांवर पर्णरंध्रं विरळ असल्याचं प्रयोगांत दिसलं आहे.

पेशी किती वेळा विभागतात, एवढ्यावरच आपण थांबतो. त्या कोणत्या दिशेने विभागतात, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

प्राण्यांच्या पेशी जागा बदलू शकतात. वनस्पतीची पेशी शेजारणीला जन्मभरासाठी चिकटलेली असते. नवी भिंत आडवी आली तर पेशींची रांग लांबते, उभी आली तर रुंदी वाढते, पृष्ठभागाला समांतर आली तर नवा थर तयार होतो. एकदा उभी राहिलेली भिंत सरकवून पुन्हा घालता येत नाही. म्हणून निर्णय आधीच व्हावा लागतो.

एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी त्याचे नियम शोधले. जर्मनीच्या होफमाइस्टर यांनी १८६३मध्ये सांगितलं, की भिंत वाढीच्या मुख्य दिशेला काटकोनात येते. बेल्जियमच्या लेओ एरेरा यांनी १८८०च्या दशकात साबणाच्या पडद्याचा दाखला दिला: पेशीचे दोन भाग करताना भिंत कमीत कमी क्षेत्रफळाची असते. नियम सुरेख होता, पण पेशी तो नेहमी पाळत नव्हत्या. २०११मध्ये बेसाँ आणि द्यूमे यांनी त्यात मोलाची दुरुस्ती केली. एका पेशीपुढे जवळपास सारख्या लांबीचे अनेक पर्याय असतात. सर्वांत आखूड पर्यायाची शक्यता सर्वाधिक, पण खात्री नाही. जिवंत गोष्टीत संभाव्यता मोजून दाखवणारं हे काम मला एरेरांच्या नियमाहूनही देखणं वाटतं.

पण पेशीच्या आत ही जागा लक्षात कोण ठेवतं? याचा पहिला धागा केंब्रिजमध्ये सापडला. १९६६मध्ये जेरेमी पिकेट-हीप्स आणि डोनाल्ड नॉर्थकोट गव्हाच्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. विभाजन सुरू होण्याआधीच पेशीच्या आतल्या कडेला सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा कमरबंदासारखा गोळा झालेला त्यांना दिसला. गुणसूत्रं मधोमध रांगेत येईपर्यंत तो पट्टा नाहीसा होतो. मग, बऱ्याच वेळाने, पेशीच्या मध्यातून वाढत बाहेर सरकणारी नवी भिंत नेमकी त्याच विरून गेलेल्या पट्ट्याच्या जागी जाऊन जोडली जाते. या पट्ट्याला प्रीप्रोफेज बँड म्हणतात.

ही जादू सर्वांत स्पष्ट दिसते गवतवर्गीय पिकांच्या पर्णरंध्रात, म्हणजे गहू, मका, भात, ज्वारीच्या पानात. रंध्र घडवणारी पेशी आपल्या दोन्ही बाजूंच्या शेजारणींना इशारा देते. शेजारणीचं केंद्रक तिच्याकडे सरकतं, पट्टा त्याच कोपऱ्यात वळसा घालून बसतो आणि बाकदार भिंत पडून एक छोटी साहाय्यक पेशी वेगळी होते. त्यानंतरच मधली पेशी उभी विभागून दोन रक्षक पेशी होतात. या साहाय्यक पेशींवरच गवताच्या रंध्राची चपळ उघडझाप अवलंबून आहे. ब्रॅकिपोडियम या रानगवतात त्या तयारच न होणारं उत्परिवर्तन स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७मध्ये मांडलं. त्या रोपांची रंध्रं नीट उघडतच नाहीत. दुष्काळात तगणारं पीक हवं असेल, तर रंध्रांची संख्या मोजून भागणार नाही, त्यांची घडणही कळली पाहिजे.

पट्ट्याला मात्र सर्वेसर्वा मानू नये. फ्रान्समधल्या गटाने २०१७मध्येच अ‍ॅराबिडोप्सिस या वनस्पतीची अशी रोपं तयार केली, ज्यांत पट्टा जवळपास बनतच नाही. अपेक्षा अनागोंदीची होती. भिंती थोड्या वाकड्यातिकड्या आल्या, पण साधारण दिशा शाबूत राहिली. म्हणजे पट्टा दिशा ठरवत नाही, ठरलेली दिशा अचूक करतो. त्याआधी, १९९६मध्ये, लॉरी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी मक्याचं ‘टँगल्ड’ उत्परिवर्तन मांडलं होतं. त्यात पेशी भलत्याच दिशांनी विभागतात, पान खरखरीत आणि लहान होतं, तरी पानाचा एकूण आकार पानाचाच राहतो! या जनुकाचं प्रथिन पट्टा गेल्यावरही त्या जागी खूण म्हणून थांबून राहतं, हे पुढे २००७मध्ये कळलं. ऑक्सिन हे संप्रेरक आणि ऊतीतला ताणही दिशेवर प्रभाव टाकतात. पण सगळ्यांत वरचा हुकूम कोणाचा, याचं एका ओळीत उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

गव्हाच्या कोवळ्या पानात सूक्ष्मनलिका शोधणाऱ्या त्या दोघांना कोणी उत्पादनवाढीचा आकडा मागितला नव्हता. आपल्याकडे मूलभूत वनस्पतिशास्त्रातल्या संशोधनासाठी अर्ज करतानाच ‘शेतकऱ्याला उपयोग काय’ असं विचारलं जातं, हे चूक आहे. उपयोग याच कामातून निघतो, फक्त उशिरा. आणि अकरावी-बारावीच्या शिक्षकांना एक विनंती: ज्वारीच्या पानाची साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली लावा, रंध्राशेजारच्या त्या दोन पेशी मुलांना दाखवा, आणि भागांची नावं लिहून घेण्याआधी त्यांना विचारा, ही भिंत इथेच का आली?