जळगावचं ४४ आणि सुरतचं ३४

आजचा एपिसोड खास त्यांच्यासाठी, जे जळगाव-धुळ्याकडून कामासाठी सुरतेत आलेत किंवा येत्या महिन्यात बॅग भरणार आहेत. मी मूळची दोंडाईचाची. चार वर्षं झाली, डिंडोलीत राहते आणि कापड मार्केटमध्ये हिशोबाचं काम करते. उधना, लिंबायत, डिंडोली, जिकडे जाल तिकडे आपलीच माणसं. सकाळी नळावर अहिराणीच ऐकू येते. त्यामुळे भाषेचं अडत नाही, जेवणाचंही फारसं अडत नाही. अडतं ते हवेचं.

आणि हे आधी कुणी सांगत नाही, कारण आपला एक तोरा असतो. जळगावचं ऊन काढलेली माणसं आम्ही, आम्हाला सुरत काय करणार! फोनवर बघावं तर मे महिन्यात जळगाव ४४, सुरत ३४. चक्क दहा अंश कमी. मग पोरगा इथे येतो आणि तिसऱ्या दिवशी म्हणतो, "आठे ऊन नही, तरी जीव घाबरस."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. का ते समजायला आपला माठ पुरेसा आहे.

जळगावला मे महिन्यात माठातलं पाणी कसं गार लागतं, आठवा. माठातून पाणी झिरपतं, बाहेरच्या कोरड्या हवेत वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. तोच माठ सुरतेत आणून ठेवा, पाणी जेमतेम साध्या पाण्यासारखं. माठ बदलला नाही, हवा बदलली. इथल्या हवेत आधीच इतकं पाणी आहे की तिला आणखी नकोय.

आता माठाच्या जागी स्वतःला ठेवा. आपलं शरीर म्हणजे चालता-फिरता माठच. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण न वाळता टपटप खाली गळला तर जवळजवळ काहीच नेत नाही. पाणी गेलं, मीठ गेलं, अंग तापलेलं ते तापलेलंच. खान्देशात आपल्याला घाम आलेला कळतसुद्धा नाही, फक्त शर्टावर मिठाची पांढरी रेघ दिसते. इथे बनियन पिळून काढता येतं. बघणाऱ्याला वाटतं, वा, भरपूर घाम येतोय, म्हणजे अंग थंड होत असेल. तसं नसतं.

माठातलं पाणी जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल, त्याला एक आकडा असतो. त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून हवा घालायची, पारा जिथे थांबेल तो आकडा. जळगावला ४४ अंश आणि हवेत १२ टक्के आर्द्रता असेल, तर हा आकडा येतो २२ च्या आसपास. सुरतेत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर साधारण २८. म्हणजे फोनवर सुरत दहा अंशांनी थंड, आणि आपल्या अंगाच्या हिशोबात सहा अंशांनी गरम. सगळा घोळ इथे आहे.

हा आकडा किती वर गेला की माणूस तग धरत नाही? बरीच वर्षं ३५ ही मर्यादा मानली जायची. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी तरुण, धडधाकट मुलामुलींना गरम-दमट खोलीत हलकी हालचाल करायला लावून मोजलं. ३०-३१ च्या आसपासच त्यांच्या शरीराचं आतलं तापमान आवरेना. तरुण होती हं ती. आणि आपला २८ चा आकडा तिथून फार लांब नाही.

आपल्या हवामान खात्यालाही हा फरक माहीत आहे. उष्णतेची लाट म्हणायला मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० लागतं, किनाऱ्यावर ३७ पुरतं, अर्थात ते नेहमीपेक्षा बरंच जास्त असेल तर. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लोक भर उन्हात उघड्या मैदानावर तासन् तास बसले होते. पारा ३८ च्या आसपास. भुसावळच्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, आज बरं आहे. तिथे डझनाहून जास्त माणसं दगावली.

आता मुद्द्याचं. आपली बहुतेक पोरं इथे येतात ती लूम खात्यात, बारा तासांच्या पाळीवर. शेड पत्र्याची, यंत्रं गरम, आणि हवा दमट. दमट हवा धाग्याला मानवते, कोरडी झाली की धागा तुटतो. त्यामुळे तिथे वारा खेळता ठेवायची घाई कुणालाच नसते.

माझा मावसभाऊ असाच गेल्या वर्षी मे अखेरीला आला. वय एकोणीस. चौथ्या दिवशी पाळीत त्याचं डोकं दुखायला लागलं, मग तो काहीतरी असंबद्ध बोलायला लागला. शेजारी काम करणारे दोघंही आपल्याकडचेच. ते म्हणाले, ऊन लागलेलं नाही, घाम तर येतोय. खान्देशात हीच खूण मानतात ना, अंग कोरडं पडलं, घाम बंद झाला की ऊन लागलं. पण दमट हवेत, काम करता करता जो उष्माघात होतो, त्यात अंग घामाने निथळत असू शकतं. नशीब, तिथल्या एका ओडिया कारागिराने हे आधी पाहिलं होतं. त्याने त्याला ओढत बाहेर आणलं आणि बादल्यांनी पाणी ओतलं. पोरगा वाचला, दोन दिवस सलाईनवर होता.

म्हणून घामाकडे नाही, डोक्याकडे बघा. माणूस गोंधळला, भलतंच बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटका आला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजून चाला. १०८ ला फोन करा, हा नंबर गुजरातेतही चालतो. गाडी येईपर्यंत सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल तेवढं गार पाणी ओता, पंखा लावा, मान, काखा आणि जांघेत बर्फ धरा. नुसता ओला रुमाल कपाळावर ठेवून इथे भागत नाही, कारण तो वाळतच नाही. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. (खिशात कांदा ठेवायला माझी हरकत नाही, आजीचं मन राहतं.)

चौथा दिवस हा योगायोग नव्हता. शरीर उष्ण हवेला सरावतं, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं, त्याच कामाला हृदयाची धडधड कमी होते. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याचं म्हणणं आहे की उघड्यावरच्या कामात उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या काही दिवसांतच होतात. तिथला नियम असा, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेत फक्त वीस टक्के काम द्यायचं आणि रोज वीस टक्के वाढवायचं. आपल्या शेठला हे सांगून बघा, हसेल. पण निदान दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. कामावर रुजू व्हायच्या चार-पाच दिवस आधी इथे या आणि रोज थोडं चाला-फिरा. आणि पहिल्या आठवड्यात डबल पाळी घेऊ नका, पैसे कितीही मिळोत.

पाण्याचं म्हणाल तर नुसतं पाणी ढोसून उपयोग नाही, मीठही जातंय. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर छास मिळते, मीठ घालून प्या. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

आता आपल्या सवयी. त्या चुकीच्या नाहीत, पण इथे उलट्या पडतात. आपल्या त्वचेचं तापमान असतं साधारण ३५. जळगावला ४४ ची हवा त्याहून गरम, म्हणून तिथे आपण दुपारी दार-खिडकी लावतो, डोकं-तोंड रुमालाने गुंडाळतो, पूर्ण बाह्या घालतो. गरम वाऱ्याला अंगाला लागूच द्यायचं नाही. सुरतेत ३४ ची हवा त्वचेपेक्षा किंचित गार आहे, आणि घाम वाळवायला वारा हवाच. म्हणून इथे दुपारी खिडकी उघडी, कपडे सैल, पंखा अंगावर. उन्हात डोकं झाका, पण सावलीत आलात की सोडा ते गुंडाळणं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना? दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे. दुपारनंतर इथे जी जरा झुळूक येते ती त्यांचीच. खोली बघताना भाड्याआधी बघा की समोरासमोर दोन खिडक्या आहेत का.

गावाकडून कूलर आणायचा विचार असेल तर भाड्याचे पैसे वाचवा. कूलर म्हणजे मोठा माठच. जळगावला तो ४४ ची हवा २६-२७ वर आणतो. इथे ३४ ची २९-३० होणार, वर खोली बंद असेल तर हवा आणखी ओली. तेवढ्या पैशांत दोन चांगले पंखे येतात.

स्वयंपाकघरात काय होतं ते आईला फोनवर सांगितलं तर पटत नाही. तिने डबा भरून दिलेले बिबडे आणि कुरडया आठवड्यात सादळतात. मिठाला पाणी सुटतं. दोंडाईचाची मिरची, म्हणजे आमचा अभिमान, तिच्या तिखटाला पावसाळ्यात बुरशी धरते. वर्षाचं एकदम आणू नका, दोन महिन्यांपुरतं आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

अंगाचंही तेच. घामोळं होतं, जांघेत गजकर्ण होतं, आणि लाजेपोटी कुणी बोलत नाही. मेडिकलवाला एक क्रीम देतो, दोन दिवसांत खाज थांबते, पोरगं खूश. अशा बऱ्याच मिक्स क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. खाज दबते, बुरशी पसरते, आणि मग महिनोन् महिने जात नाही. त्वचेच्या डॉक्टरकडे जा. अर्धवट वाळलेली चड्डी आणि जीन्स घालू नका, खोलीतल्या चौघांत एक टॉवेल वापरू नका.

फोनचं राहिलं. हवामानाच्या ॲपमध्ये तापमानाचा मोठा आकडा सोडा, खाली सरका. तिथे आर्द्रता असते, आणि बऱ्याच ॲपमध्ये दवबिंदू, म्हणजे ड्यू पॉइंट. तोच बघा. मघाच्या जळगावच्या दुपारी तो ८ च्या आसपास असतो, सुरतेच्या दुपारी २६ च्या. २४ च्या वर दिसला की त्या दिवशी जड काम सकाळी लवकर उरका.

आणि सुट्टीला घरी जाताना हे सगळं उलटं करायचं. भुसावळच्या गाडीत व्यारा, नवापूर मागे पडलं की खिडकीतून येणारी हवा कोरडी व्हायला लागते, ओठांना लगेच कळतं. नंदुरबारला उतरलात की रुमाल पुन्हा डोक्याला, आणि दुपारी दार बंद.