पुरेशी झोप घेऊनही थकवा? कारण घशात असू शकते

नवी दिल्ली - सात-आठ तास झोपूनही सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंग येणे, विसराळूपणा वाढणे या तक्रारींचे मूळ कित्येकदा घशात असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग वारंवार बंद होतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू क्षणभर जागा होतो. रुग्णाला हे आठवत नाही; मेंदूच्या स्कॅनमध्येही ते दिसत नाही.

या विकारास ‘स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात. दक्षिण दिल्लीतील पाहणीत ९.३ टक्के प्रौढांमध्ये तो आढळल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी ४० लाख रुग्ण असावेत, असा अंदाज दिल्लीच्या ‘एम्स’मधील तज्ज्ञांनी २०२३ मध्ये मांडला. उपचारांअभावी उच्च रक्तदाब व पक्षाघाताचा धोका वाढतो.

निदानासाठी झोपेत रात्रभर मेंदूलहरी, श्वास व प्राणवायूची नोंद घेतली जाते. वजन घटविणे आणि मुखवट्यातून दाबाने हवा देणारे ‘सीपॅप’ यंत्र हे प्रमुख उपचार आहेत. काही झोपेच्या गोळ्यांनी त्रास वाढू शकतो; त्या परस्पर घेऊ नयेत. हातापायांना मुंग्या येत असल्यास ब-१२ जीवनसत्त्वाचीही तपासणी करावी. घोरण्याची माहिती कुटुंबीयांनी डॉक्टरांना अवश्य द्यावी.