इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलची ओळख

मुक्ताईनगरच्या काळ्या जमिनीत केळीबरोबर कापूसही पिकतो. एकोणिसाव्या शतकात खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील गिरण्यांकडे जात असे. त्याच परगण्यातील ब्लॅकबर्न या गिरणगावाच्या आधारे आम्ही तुम्हांस तेथील व्यावसायिक फुटबॉलची ओळख करून देत आहोत.

‘व्यावसायिक’ म्हणजे वेतन घेऊन खेळणारा. 1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा या खेळावर श्रीमंतांच्या शाळांतून शिकलेल्यांचा वरचष्मा होता. खेळाडूने पैसे घेऊ नयेत, असा त्यांचा आग्रह असे. हे तत्त्व वरवर उदात्त दिसते. परंतु ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याने मजुरी बुडवून सामन्यास जावे कसे? 31 मार्च 1883 रोजी एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या विणकर-कारागिरांच्या संघाने ईटन या उच्चभ्रू शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना जादा वेळेत 2-1 असे हरविले. पुढे 1885 मध्ये वेतनास रीतसर मान्यता मिळाली आणि श्रमिकांच्या मुलांना मैदान खुले झाले.

आता स्पर्धेची रचना पाहू. सर्वांत वरच्या श्रेणीस प्रीमियर लीग म्हणतात. तिच्यात 20 संघ असतात. प्रत्येक संघ उरलेल्या 19 संघांशी एकदा स्वतःच्या व एकदा त्यांच्या मैदानावर, असे 38 सामने खेळतो. विजयास 3 गुण, बरोबरीस 1, पराभवास शून्य. गुण समान झाल्यास केलेले व स्वीकारलेले गोल यांतील फरक पाहतात. हंगाम ऑगस्टपासून मेपर्यंत चालतो.

शेवटचे 3 संघ खालच्या ‘चॅम्पियनशिप’ या श्रेणीत उतरतात आणि तेथील 3 संघ वर चढतात. त्याखाली ‘लीग वन’ व ‘लीग टू’ असून तेथेही चढउतार चालूच असते. नवख्या प्रेक्षकाने प्रथम हीच गोष्ट ध्यानी घ्यावी, कारण त्यामुळे तळाच्या संघांचा सामनाही विजेतेपदाच्या सामन्याइतकाच चुरशीचा होतो.

दोन उदाहरणे पाहा. 1875 मध्ये स्थापन झालेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा 1888 साली सुरू झालेल्या फुटबॉल लीगच्या 12 संस्थापक संघांपैकी एक. 1994-95 मध्ये तो प्रीमियर लीगचा विजेता ठरला. 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने तो विकत घेतला. तरीही 2012 मध्ये तो दुसऱ्या आणि 2017 मध्ये तिसऱ्या श्रेणीत उतरला. 2018 मध्ये पुन्हा एक पायरी चढला. उलट, 2008-09 मध्ये तिसऱ्या श्रेणीत खेळणारा लेस्टर सिटी 2015-16 मध्ये देशाचा विजेता झाला.

पाहण्यास आरंभ करताना एकच संघ निवडा आणि हंगामभर त्याची साथ करा. शनिवारचे बरेच सामने आपल्या घड्याळाप्रमाणे सायंकाळी साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला सुरू होतात. 45 मिनिटांचे दोन भाग असतात. केवळ चेंडूकडे न पाहता चेंडू नसलेले खेळाडू कोठे धावतात, तेही पाहा. ‘ऑफसाइड’चा नियम तेव्हाच उमजेल : प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात चेंडू मिळणारा खेळाडू, तो त्याच्याकडे खेळला जाण्याच्या क्षणी, चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे नसावा.

या खेळातही पैशाचे बळ मोठे आहे आणि वर्णद्वेषाचा डाग पुसला गेलेला नाही. त्याविरुद्ध ‘किक इट आउट’ ही मोहीम 1993 पासून चालू आहे. मात्र गुणतक्त्यातील स्थान कोणासही वारशाने मिळत नाही. ते दरवर्षी नव्याने कमवावे लागते. मनुष्य जन्माने नव्हे, कर्माने श्रेष्ठ ठरतो, ही तथागतांची शिकवण प्रार्थनासभेत ऐकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना या खेळाचे मर्म उमगण्यास वेळ लागणार नाही.