हापूसची कोय आणि ‘बिघडलेला’ रायवळ

मे संपत आला की कुणी ना कुणी मला गाठतं आणि तेच विचारतं. “अहो, आठ वर्षांपूर्वी हापूसची कोय लावली होती. झाड झकास वाढलं, यंदा पहिल्यांदा धरलं, आणि आंबा निघाला आंबट, दोरेवाला. माती बिघडली की खत चुकलं?” मी तोंड उघडायच्या आत निष्कर्षही सांगून होतो: कोयीचं झाड ‘उतरतं’, हापूसचा रायवळ होतो, म्हणजे रायवळ हा बिघडलेला हापूस. हे मी बागायतदारांकडून ऐकलंय, शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलंय. नुसतं ऐकून सोडून दिलं असतं, पण या समजापायी बांधावरची दोन माणसांच्या कवेत न मावणारी झाडं तोडलेली पाहिली आहेत. म्हणून एकदा नीट सांगतो.

माती बिघडलेली नसते आणि खतही चुकलेलं नसतं. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, कधीच आलेला नाही.

मोहोराचा एक तुरा हातात घेऊन जवळून पाहा. त्यात शेकड्यांनी फुलं असतात. बरीचशी नुसती नर, थोडी द्विलिंगी. या द्विलिंगी फुलांवर माश्या आणि बारीकसारीक किडे पराग आणून टाकतात, आणि तो पराग कुठल्या झाडाचा हे कुणी ठरवत नाही. शेजारच्या पायरीचा असेल, वहाळाकाठच्या रायवळाचाही असेल. कोयीत जो गर्भ तयार होतो त्याचा निम्मा वारसा आईचा, निम्मा त्या परागाच्या झाडाचा. शिवाय आईकडून येणारा निम्मा वाटाही जसाच्या तसा येत नाही. आंब्यात गुणसूत्रांच्या २० जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतल्या दोन प्रती एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या असतात. बी धरताना त्या पत्त्यांसारख्या पिसल्या जातात. हापूसचा वास, केशरी गर, दोरे नसणं, पिकल्यावर टिकणं, हे एकेक गुण अनेक जनुकांच्या जुळणीतून आलेले आहेत. पत्ते पिसले की ती जुळणी मोडते. हापूसच्या फुलाला हापूसचाच पराग मिळाला तरी मोडते.

म्हणजे तुमच्या परसातलं ते आंबट आंब्याचं झाड हापूसचं मूल आहे. मूल आईसारखं दिसलं नाही म्हणून आपण त्याला बिघडलेली आई म्हणत नाही.

याच गैरसमजाचं दुसरं टोक जास्त नुकसान करतं. “शेजारी रायवळ आहे, त्याचा पराग लागून माझ्या हापूसची चव गेली.” फळ कापून बघा. साल आणि गर हा आईच्या झाडाचाच भाग आहे, बाहेरून आलेल्या परागाचा वाटा फक्त बाठ्याच्या आतल्या गर्भात असतो. शेजारच्या रायवळाने तुमच्या आंब्याची चव बदलत नाही, बदललं तर त्या कोयीतून पुढे उगवणारं रोप बदलतं. उलट नुसत्या हापूसच्या बागेत फळधारणा सुधारावी म्हणून थोडी दुसऱ्या जातींची झाडं राखावीत, असा सल्ला बागायतदारांना देतात. आणि आपण बांधावरचा रायवळ ‘बाग शुद्ध ठेवायची’ म्हणून तोडतो!

एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर कुणीतरी केरळचं उदाहरण घेऊन येईल. काही आंब्यांच्या एका कोयीतून तीन-चार कोंब फुटतात. त्यातले बहुतेक परागाशिवाय, आईच्या पेशींपासूनच तयार झालेले असतात, त्यामुळे ती रोपं आईसारखी निघतात. आग्नेय आशियात असे आंबे सर्रास आहेत, केरळातले ओलूर आणि चंद्रकारन त्याच प्रकारचे. हापूसच्या कोयीतून कोंब एकच येतो, आणि तो नवा जीव असतो.

मग हापूस टिकला कसा? कलमाने. जून-जुलैत रोपवाटिकेत जाऊन कोय कलम बांधताना बघा. वाफ्यात रुजलेल्या कोयीतून आलेला कोंब अजून तांबूस, लुसलुशीत असतो. दहा-पंधरा दिवसांच्या त्या रोपाचा शेंडा धारदार चाकूने उडवतात, दांड्यात मधोमध उभी चीर देतात. हापूसच्या झाडावरची तेवढ्याच जाडीची काडी, आठ-दहा दिवस आधी पानं छाटून डोळे फुगू दिलेली, खालून पाचरीसारखी तासतात आणि त्या चिरेत बसवतात. साल सालीला भिडली की प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. अशा एकेका काडीच्या वाटेने कधीकाळच्या एका झाडाचे तुकडे देवगडपासून पालघरपर्यंत पसरले. जिभेवर जो हापूस आपण ठेवतो, तो एकाच झाडाचा आंबा आहे असं म्हटलं तरी चालेल. आणि ते पहिलं झाड एका कोयीतून, कुणीही न ठरवता उगवलेलं होतं. म्हणजे रायवळच.

त्या वाफ्यात रुजवलेली कोय कसली होती, हेही विचारा. रायवळाची. शंभर कलमांच्या बागेत जमिनीच्या वर एकच झाड शंभरदा उभं असतं आणि जमिनीखाली शंभर वेगवेगळी झाडं असतात. ज्याला आपण बिघडलेला म्हणतो, त्याच्याच मुळांवर हापूस उभा आहे.

‘रायवळातून चांगलं काही निघत नाही’ म्हणणाऱ्यांना मी फ्लोरिडाची हकीकत सांगतो. १८८९ साली भारतातून तिथे कलमं गेली. १८९४-९५ च्या कडाक्याच्या थंडीत त्यातली बाकीची मेली आणि एक मलगोबा तेवढा वाचला. त्याच्या फळांच्या कोया कॅप्टन जॉन हेडन यांनी १९०२ साली लावल्या, आणि १९१० मध्ये त्यातल्या एका झाडाला मोठा, लालबुंद, टिकाऊ आंबा धरला. तोच ‘हेडन’. याचा बाप कोण? पुढे डीएनए तपासणीने बोट दाखवलं ते तिथल्या ‘टर्पेंटाइन’ नावाच्या गावठी, दोरेवाल्या आंब्याकडे. हेडनच्या कोयीतून ‘टॉमी ॲटकिन्स’ आला, जो आज अमेरिका-युरोपातल्या दुकानांत सगळीकडे दिसतो. चवीला हापूसच्या जवळपासही नाही, हे मान्य. पण जागतिक व्यापाराचा मोठा भाग ज्या आंब्यांवर चालतो, ते असे ‘उतरलेल्या’ कोयीतून आले.

आपल्याकडेही विद्यापीठाने हेच केलं, फक्त आईबाप निवडून. नीलमचा आणि हापूसचा संकर करून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये ‘रत्ना’ दिला. हापूसचं मोठं दुखणं म्हणजे साका, बाहेरून देखण्या फळाच्या आत पांढुरका, स्पंजासारखा, बेचव झालेला गर. रत्नात साका धरत नाही. हा गुण हापूसची कितीही कलमं बांधली तरी आला नसता, कारण कलम जे आहे तेच पुढे नेतं. नवं काही हवं असेल तर बी धरावंच लागतं, आणि पत्ते पिसायला वेगळे पत्ते हातात असावे लागतात.

वेगळे पत्ते संपले तर काय होतं, हे केळ्याने दाखवून दिलंय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निर्यातीचं केळं म्हणजे ‘ग्रो मिशेल’ होतं, सगळी एकाच झाडाची पिल्लं. पनामा रोग आला आणि त्याच्या बागाच्या बागा बसल्या. त्याची जागा कॅव्हेंडिशने घेतली. जळगावची बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन ही सगळी याच कॅव्हेंडिश गटातली. आता पनामा रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहार आणि उत्तर प्रदेशात पोचला आहे. एका जातीवर सगळा जिल्हा उभा करणं म्हणजे काय, हे जळगावकरांना मी सांगायची गरज नाही.

आता बाकीचे समज, थोडक्यात.

हापूस पोर्तुगीजांनी परदेशातून आणला: त्यांनी अमेरिकेतून काजू आणि अननस आणले. आंबा इथलाच, तो त्यांनी ब्राझीलला नेला. हापूस हे नाव पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्कवरून पडलं असं मानतात. गोव्यात कलमांचा प्रसार करण्याचं श्रेय जेझुइट पाद्र्यांना देतात, पण एका झाडाची फांदी दुसऱ्यावर बसवण्याची रीत वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तही आहे.

आंबा फक्त भारताचा: आंब्याच्या भाईबंद प्रजातींची सर्वांत जास्त गर्दी मलाया-बोर्निओकडे आहे. २०१९ मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये १०६ जातींचा जनुकीय अभ्यास आला. त्यात भारतीय आणि आग्नेय आशियाई आंब्यांचे गट वेगळे पडले, आणि तिकडे अशी विविधता सापडली जी इकडे नाही. २०२० साली हापूसचाच जिनोम मांडणाऱ्या ‘जिनोम बायॉलॉजी’तल्या लेखातही हे दोन गट दिसतात.

देवगड आणि रत्नागिरी हापूस या वेगळ्या जाती: झाड तेच. कातळ, खारा वारा आणि हवामानामुळे फळात फरक पडतो.

कलमी म्हणजे जीएम: जनुकांना कुणी हात लावलेला नसतो. चाकू आणि प्लॅस्टिकची पट्टी, एवढंच.

खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याची, चव फळात उतरते: झाडाची वाढ, उंची, जमिनीशी जमवून घेणं यावर खुंटाचा परिणाम होतो. पण हापूसच्या काडीवर आंबा हापूसच धरतो.

राहता राहिला रायवळ. आमच्याकडे त्यांना नावं होती. शेपूसारख्या वासाचा शेप्या, खोबऱ्यासारख्या चवीचा खोबऱ्या, साखऱ्या, केळ्या. बिटक्यांचं रायतं व्हायचं, गोव्यात घोटांचं सासव. यातलं प्रत्येक झाड जगात एकच असतं, कारण ते कोयीतून आलेलं आणि कुणी त्याचं कलम बांधलेलं नाही. शेप्या तोडला की शेप्या संपला. हापूसचं झाड तोडलं तर शेजारी तसंच दुसरं उभं असतं.

आमच्या वाडीच्या वळणावरचा शेप्या रस्ता रुंद करताना जाणार हे कळलं, तेव्हा जुलै चालू होता. शेंड्याच्या बारा काड्यांची पानं आधी छाटून ठेवली आणि दहा दिवसांनी काड्या उतरवून वाफ्यातल्या रोपांवर बांधल्या. सात जगल्या. तुमच्या बांधावर असं एखादं झाड असेल, तर ते तोडायची वेळ येण्याची वाट पाहू नका. येत्या पावसाळ्यात कलम बांधणाऱ्याला बोलवा आणि निदान दोन-तीन रोपं गावात वेगवेगळ्या घरी लावायला द्या. आमच्या सातातली चार मी अशीच वाटली आहेत. त्यातल्या एकाला यंदा मोहोर आला, फळ अजून धरलेलं नाही.