उघडता येणारा रोबो

खोक्यावरच्या चित्रातला रोबो कायम धावत असतो. घरी आणलेला रोबो मात्र बराच वेळ नुसता उभा असतो आणि मूल त्याच्यापुढे मांडी घालून बसलेलं असतं. किट घेताना विचार करायचा तो या वेळेचा. तो उघडता येतो का, गेलेला भाग सुटा मिळतो का, चूक कुठे झाली हे मुलाला शोधता येतं का, हे आधी पाहावं. तो नाचतो का आणि दिवे किती लागतात, हे नंतर पाहिलं तरी चालेल.

आपल्याकडे सर्रास दिसणारं किट म्हणजे ॲक्रिलिकची पाटी, दोन पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटरी, दोन चाकं, पुढे गरगर फिरणारं एक छोटं चाक, प्रोग्राम घालून चालवायचा अर्डुइनो बोर्ड, मोटरींना वीज पुरवणारा मोटर ड्रायव्हर आणि एखाद-दोन सेन्सर. दिसायला गबाळं, पण माझं मत याच्याच बाजूने. अर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतल्या इव्हरेया गावच्या एका डिझाइन संस्थेत झाला आणि त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला गेला. त्यामुळे तो बोर्ड कुण्या एका कंपनीच्या मर्जीवर नाही. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्याचे सगळे भाग सुटे मिळतात. उलट, लेगोची माइंडस्टॉर्म्स ही मालिका १९९८ पासून दोन पिढ्यांची लाडकी. देखणी, मजबूत आणि महाग. २०२२ अखेर कंपनीने तीच बंद केली. ज्या किटचा प्रत्येक भाग आणि मोबाइलवरचं ॲप एकाच कंपनीचं, ते घेताना हा धोका धरूनच चालावं.

जोडणी पूर्ण झाली, बटण दाबलं, की पहिली तक्रार ठरलेली असते: रोबो गचका खातो, थांबतो, पुन्हा गचका खातो. आईबाबा प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. चूक बहुधा बॅटरीत असते. स्वस्त किटमध्ये नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी देतात. तिच्या पोटात सहा चिमुकले सेल असतात. मल्टिमीटर चालवायला ते पुरतात, दोन मोटरी ओढायला नाही. मोटरी सुरू होताच व्होल्टेज खाली बसतं, बोर्ड बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, परत मोटरी चालू करतो आणि हेच चक्र फिरत राहतं. दुसरी गोम मोटर ड्रायव्हरची. एल२९८एन नावाचा लाल ड्रायव्हर जवळपास दोन व्होल्ट स्वतःच खातो. चार पेन्सिल सेलचे सहा व्होल्ट दिले, तर मोटरीपर्यंत चारच पोचतात आणि सतरंजीवर रोबो रुसतो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न बॅटरीचा विचारावा. सहा पेन्सिल सेलचा खोका हा मुलांसाठी सरळ, बिनधोक उपाय. लिथियमचे १८६५० सेल जोरदार असतात, पण त्यांची टोकं एकमेकांना भिडली तर भाजण्याइतके तापतात. ते मोठ्यांच्या हाती आणि त्या सेलसाठीच असलेल्या चार्जरवर.

सेन्सरच्या चुका त्याहून मजेदार. अडथळा ओळखणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरला दोन गोल डोळे असतात. खरं तर एक तोंड आणि एक कान. तोंडातून ४० किलोहर्ट्झचा आवाज निघतो. आपले कान २० पर्यंतच ऐकतात. एक मीटरवरच्या भिंतीवर आपटून तो आवाज सुमारे सहा मिलिसेकंदांत परत येतो आणि त्यावरून अंतर काढलं जातं. हाच रोबो भिंतीपुढे शहाण्यासारखा थांबतो आणि पडद्यात मात्र बिनदिक्कत घुसतो, कारण कापड आवाज पिऊन टाकतं. भिंत तिरकी असली तर प्रतिध्वनी भलतीकडेच निघून जातो. काळ्या पट्टीवरून चालणारा रोबो इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो. दिवाणखान्यात नीट वागणारा हा गडी गॅलरीतल्या उन्हात वेडा होतो, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतंच. सेन्सरवरचा निळा चौकोनी ठोकळा छोट्या स्क्रूड्रायव्हरने किंचित फिरवून त्याला ताळ्यावर आणावं लागतं. एखादा रोबो जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरतो. एका मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल केली की सरळ चालतो. हे कारण मुलाने स्वतः शोधलं, की किटचे पैसे वसूल. आपण मात्र तोवर स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. हे भल्याभल्यांना जमत नाही.

वयाचं म्हणाल तर सात-आठ वर्षांच्या मुलाला प्रोग्रामची घाई नको. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत, खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी मुलांकडून करून घेतलेली मोटर आठवावी: इनॅमल तारेचं वेटोळं, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, एक सेल. त्या वयाला एवढं यंत्र पुष्कळ. साधारण दहाव्या वर्षापासून ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं स्क्रॅच जमतं, बाराव्याच्या पुढे अर्डुइनो. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथे कोणता बोर्ड आहे ते विचारून घरीही तोच घ्यावा. अडलं तर विचारायला कोणीतरी असतं.

चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. तयार खोकं घेताना ते पाहावं. घरात लहान भावंड असेल तर बटण सेलचं किट घेऊच नये. गिळलेला सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो.

आणखी एक. बीओ मोटरीची तांब्याची पानं कागदासारखी पातळ असतात आणि तार दोनदा वाकवली की हमखास तुटतात. एक मोटर जास्तीची घ्यावी आणि सगळ्या मोटरींना तारा दुकानदाराकडूनच सोल्डर करून आणाव्यात.