बसणे-उठणे आणि वाकून उचलणे : व्यायामाची दोन पारडी

वयाची साठी ओलांडलेल्यांना ‘व्यायाम काय करता?’ असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ‘रोज चालतो’ असे असते. चालणे हृदयासाठी, मधुमेहासाठी आणि मनासाठी उत्तमच आहे. परंतु खुर्चीतून आधाराशिवाय उठणे आणि जमिनीवरची बादली पाठ न दुखवता उचलणे, ही दोन कामे केवळ चालण्याने टिकत नाहीत. त्यांसाठी स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा लागतो. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचा साधारण ३ ते ८ टक्के भाग घटतो आणि साठीनंतर ही घट वेगावते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ज्येष्ठांसाठीही आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवला आहे.

अंगवळणी पडलेल्या दोन हालचाली

घणसोलीजवळच्या आमच्या तळवलीसारख्या गावांत आज पंचाहत्तरीच्या घरात असलेल्या पिढीला या हालचाली वेगळ्या शिकाव्या लागल्या नव्हत्या. भाताची लावणी कमरेतून वाकूनच होत असे, पाण्याचा हंडा खालून उचलावा लागे, आणि चिरणे, निवडणे, जेवणे सारे जमिनीवर बसून होई. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, जमिनी संपादित झाल्या, शेते गेली. पाणी नळाला आले, घरात जेवणाचे टेबल आणि कमोड आले. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. मात्र त्या कष्टांबरोबर शरीराला आपोआप मिळणारा व्यायामही गेला.

आपल्या तालमींनाही या दोन्ही हालचाली ठाऊक होत्या. पैलवान बैठका काढत, तसेच नाल आणि गोटीही उचलत. आजच्या व्यायामशाळेत बैठकीला ‘स्क्वॉट’ आणि जमिनीवरून वजन उचलण्याला ‘डेडलिफ्ट’ म्हणतात. पहिल्या प्रकारात मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि गुडघ्यांवर अधिक भार येतो. दुसऱ्यात नितंब, मांडीची मागची बाजू आणि पाठीचे स्नायू अधिक राबतात. घरी व्यायाम करणारे बहुधा फक्त उठाबशा काढतात. त्यामुळे गुडघे थकतात आणि मागची बाजू दुबळीच राहते. पुढे एखाद्या दिवशी सिलिंडर सरकवताना किंवा नातवंडाला उचलताना कंबर धरते; हाडे ठिसूळ असतील तर मणका दबण्याचीही भीती असते.

वय आड येते का?

१९९० साली अमेरिकेतील एका वृद्धनिवासात नव्वदीच्या १० व्यक्तींना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला गेला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात, हाडे विरळ झालेल्या रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि डोक्यावर वजन उचलण्याचा सराव केला. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. मात्र तो सराव तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाला होता. एवढी जड वजने घरी एकट्याने उचलू नयेत.

पहिले पारडे : खुर्चीची बैठक

चाके नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. खुर्चीच्या पुढच्या भागात बसून पावले खांद्यांइतकी दूर ठेवावीत, किंचित पुढे झुकून उठावे आणि मनात चार अंक मोजत सावकाश बसावे. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेतच राहावेत. गुडघे दुखत असल्यास खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी.

दुसरे पारडे : कमरेतून वाकणे

भिंतीकडे पाठ करून एक वीत अंतरावर उभे राहावे. गुडघे अगदी किंचित वाकवावेत आणि नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवावेत. या वेळी पाठीला पोक येऊ देऊ नये. घरातील कोणी पाठीवर उभी काठी धरली, तर ती डोके, खांद्यांमधला भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. मग नितंब आवळून सरळ व्हावे. दोन आठवडे हे वजनाविना करावे. ते नीट जमल्यावर मजबूत पट्ट्यांच्या पिशवीत एक किलो तांदूळ घालून ती गुडघ्याएवढ्या उंचीच्या स्टुलावर ठेवावी आणि अंगाजवळ धरून उचलावी.

तोल कसा साधावा?

सोमवार आणि गुरुवार असे दोन दिवस ठरवावेत. आठ बैठका, थोडी विश्रांती, मग आठ वेळा वाकून उचलणे. अशी दोन आवर्तने पुरेत. दोन्हींची संख्या समान ठेवावी. भार वाढवताना एका आठवड्यात एकाच प्रकारात वाढवावा, पिशवीत अर्धा किलोपेक्षा अधिक भर घालू नये. गुडघा कुरकुरला तर बैठक उथळ करावी, वाकणे चालू ठेवावे. कंबर आखडली तर पिशवी बाजूला ठेवावी, बैठक चालू ठेवावी. उठताना श्वास सोडावा. श्वास कोंडल्याने रक्तदाब एकदम वाढतो.

प्रगती मोजण्यासाठी हात छातीशी घेऊन ३० सेकंदांत किती वेळा उठता येते ते महिन्यातून एकदा मोजावे. अमेरिकी तक्त्यानुसार ७० ते ७४ वयात पुरुषाला १२ आणि स्त्रीला १० पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका अधिक समजतात.

आधी डॉक्टरांना विचारा

मणक्याचा अस्थिभंग, उंची घटणे, हर्निया, अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, नुकतीच झालेली डोळ्यांची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया, यांपैकी काही असल्यास आपल्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरुवात करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम टाळावा. छातीत दाटणे, चक्कर, पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या जाणवल्यास तत्काळ थांबावे. छातीतील त्रास थांबल्यावरही शमला नाही, तर रुग्णालय गाठण्यास विलंब करू नये.

घरात शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. आजी-आजोबांना आधार देताना दंडाला धरून ओढू नका; बाजूला, किंचित मागे उभे राहून कमरेला आधार द्या. आणि रुग्णाला खाटेवरून उठवताना तुम्हीही याच रीतीने, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाका. शुश्रूषा करणाऱ्याची कंबर धरली की घरात दोन रुग्ण होतात. म्हणून या दोन दिवसांच्या व्यायामात तुम्हीही त्यांच्या शेजारी उभे राहा.