छपरावरचे अंथरूण

मोटारीच्या छपरावर बसणारा तंबू ही हौस आहे, सोय आहे की गुंतवणूक? अंबत्तूरच्या एका घराचा हिशेब.

महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रांची व अवजारांची पूजा होते, त्याच दिवशी तामिळनाडूत आयुधपूजा साजरी होते. चेन्नईच्या वायव्येस वसलेल्या अंबत्तूरमध्ये या सणाला आगळेच महत्त्व आहे. १९४९ साली येथे सायकलींच्या कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली गेली, १९६४ साली औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि मोटारींचे सुटे भाग घडविणाऱ्या शेकडो लहानमोठ्या कारखान्यांमुळे हे गाव देशाच्या वाहन उद्योगाचा एक आधारस्तंभ बनले. २०११ मध्ये ते चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. आयुधपूजेच्या दिवशी येथील लेथ यंत्रांना गंध लागते, मोटारींना झेंडूच्या माळा चढतात आणि दारापुढे कोहळा फोडला जातो.

अशा या गावात नोकरीनिमित्त स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पती कारखान्यात अभियंता, पत्नी शाळेत शिक्षिका, दोन शाळकरी मुले आणि साताऱ्याहून काही महिन्यांसाठी आलेली आजी. दारात एक लहान मोटार आहे. बोनस हाती येण्याची वेळ झाली आहे आणि घरात एकच विषय चालू आहे : मोटारीच्या छपरावर बसणारा तंबू, म्हणजेच ‘रूफटॉप टेंट’, घ्यावा काय? मुलांचा होकार आधीच ठरलेला आहे. आजी मात्र शांतपणे विचारते, “अरे, रात्री उठावं लागलं तर त्या शिडीवरून मी उतरायचं कसं?”

हा प्रश्न वरवर साधा असला तरी खरेदीचा निर्णय घेताना नेमके असेच प्रश्न विचारावे लागतात.

राहुटीपासून छपरापर्यंत

तंबू मराठी माणसाला नवा नाही. डेरा, राहुटी, पाल, शामियाना असे शब्द आपल्या भाषेत रुळले ते प्रवासाच्या व स्वाऱ्यांच्या दीर्घ परंपरेतून. तामिळ भूमीवर नांदलेल्या तंजावरच्या मराठी राज्याचे दुसरे सरफोजी महाराज १८२० ते १८२२ या काळात मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला जाऊन आले, तेव्हा मुक्कामागून मुक्काम करीतच हा प्रवास घडला. फरक इतकाच की त्या काळी तंबू वाहून नेण्यास बैलगाड्या व माणसे असत आणि तो जमिनीवरच उभारला जाई.

तंबू वाहनाच्या डोक्यावर नेण्याची कल्पना युरोपात रुजली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत असे तंबू व्यापारी तत्त्वावर तयार होऊ लागले. पुढे पूर्व जर्मनीत ‘ट्राबंट’ या चिमुकल्या मोटारीवरही असा तंबू बसविला गेला. आफ्रिकेतील व ऑस्ट्रेलियातील दूरच्या प्रवासांत त्याची उपयुक्तता विशेष सिद्ध झाली, कारण तेथे मुक्कामाची जागा रोज बदलते, जमीन खडकाळ असते आणि वस्ती फार दूर असते.

भारतातही आता हे तंबू मिळू लागले आहेत. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात कापडी तंबू घडी घालून आवरणात ठेवलेला असतो. दुसऱ्यात वर टणक कवच असते व ते उचलले की तंबू उभा राहतो. गादी आतच असते. त्यामुळे जागेवर पोहोचल्यापासून काही मिनिटांत बिछाना तयार होतो. ओल, चिखल, विंचू व सरपटणारे प्राणी यांच्यापासून माणूस उंचावर राहतो आणि वाराही बरा लागतो. हे सर्व गुण खरे आहेत. प्रश्न एवढाच की, अंबत्तूरच्या या कुटुंबाला त्यांपैकी किती गुणांची गरज आहे आणि किती वेळा?

छप्पर किती भार पेलते?

पहिला विचार पैशाचा नव्हे, छपराचा करावा. या तंबूंचे वजन साधारणतः ४५ ते ८० किलो असते. मोटार धावत असताना छपरावर किती भार ठेवता येईल याची मर्यादा उत्पादकाने ठरविलेली असते आणि ती वाहनाच्या माहितीपुस्तिकेत पाहावी. अनेक लहान मोटारींना ही मर्यादा ५० किलोच्या आसपास असते, मोठ्या वाहनांना ती अधिक असते, तर काही मोटारींच्या छपरावर भार ठेवूच नये असे सांगितलेले असते. तंबू ज्या आडव्या दांड्यांवर बसतो त्यांचे वजनही याच मर्यादेत धरावे लागते. म्हणजे ६० किलोचा तंबू आणि ६ किलोच्या दांड्या मिळून ६६ किलो होतात आणि ५० किलोची मर्यादा तेथेच ओलांडली जाते.

येथे एक शंका हमखास येते. रात्री त्याच छपरावर चार माणसे झोपली तर भार अडीचशे किलोच्या घरात जाईल, मग तो कसा चालतो? उत्तर असे की, उभ्या वाहनाचे छप्पर धावत्या वाहनाच्या मानाने कितीतरी अधिक भार पेलू शकते. धावताना खड्डे, वळणे व ब्रेक यांमुळे त्याच वजनाचे हिसके छपराला बसतात. म्हणूनच दोन मर्यादा वेगळ्या असतात आणि दोन्ही विचारून घ्याव्या लागतात. शिवाय दोन माणसांच्या तंबूची रुंदी सुमारे १२० ते १४० सेंटिमीटर असते. त्यात चौघे मावत नाहीत. मोठा तंबू घ्यावा तर वजन पुन्हा वाढते.

अंबत्तूरमध्ये एक मोह आणखी आहे. कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये स्वस्तात कॅरिअर वेल्ड करून मिळू शकते. परंतु जो अभियंता कारखान्यात चाचणीवाचून एक कंसही बाहेर जाऊ देत नाही, त्याने स्वतःच्या मुलांच्या डोक्यावर न तपासलेले जोडकाम का न्यावे? छपराला पाडलेल्या छिद्रांतून पाणी शिरते, पत्रा गंजतो आणि वाहनाच्या वॉरंटीचाही प्रश्न उभा राहतो.

छपरावरील वजनामुळे मोटारीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. चेन्नईकरांच्या आवडत्या एलगिरी डोंगरावर चढताना केसपिनेसारखी १४ वळणे लागतात, कोल्ली डोंगरावर तर ७०. तेथे हा फरक चालकाला जाणवल्यावाचून राहत नाही. इमारतीखालील पार्किंगची उंचीही टेपने मोजावी. मोटारीच्या उंचीत दांड्या व मिटलेला तंबू मिळून ३० ते ४० सेंटिमीटरांची भर पडते.

हवा, पाऊस आणि परवानगी

चेन्नईला वर्षातला बहुतांश पाऊस महाराष्ट्राप्रमाणे जून ते सप्टेंबरमध्ये न येता ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. डिसेंबर २०२३ मधील ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत पाणी शिरले होते. म्हणजे बोनस हाती येतो तोच काळ किनाऱ्यावर तंबू लावण्यास सर्वांत प्रतिकूल. एप्रिल-मेमध्ये दमट उकाडा असतो. उरतात ते जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस, पोंगलची सुट्टी आणि इतर वेळी डोंगरावरचे मुक्काम.

ओला तंबू तसाच मिटला तर दमट हवेत त्याला लवकरच बुरशी धरते. तो एक-दोन दिवसांत उघडून वाळवावा लागतो. जमिनीवरचा तंबू गच्चीत पसरता येतो, छपरावरचा मात्र मोटारीसह उघड्या जागेत न्यावा लागतो. सदनिकेत राहणाऱ्यांनी ही अडचण आधीच ध्यानात घ्यावी.

मुक्काम कोठे करावा, याला कायद्याची चौकट आहे. ११ मार्च २०१८ रोजी थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक पदभ्रमण करणाऱ्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याच वर्षी तामिळनाडू शासनाने पदभ्रमणासाठी स्वतंत्र नियम केले. राखीव वनात परवानगीवाचून मुक्काम करणे धोक्याचे आहे व बेकायदाही. चेन्नईच्या किनाऱ्यावर साधारण जानेवारी ते मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. वाळूत मोटार नेऊन दिवे लावल्यास त्यांना उपद्रव होतो. तात्पर्य, रात्रीचा मुक्काम परवानगी असलेल्या शिबिरस्थळीच करावा लागतो आणि तेथे शुल्क भरावे लागते. ‘तंबू घेतला म्हणजे मुक्काम फुकट’ हा समज खरा नव्हे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. काढता-घालता येणाऱ्या तंबूबाबत आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे मत आणि विमा कंपनीचे लेखी उत्तर खरेदीपूर्वीच मिळवावे. अपघातानंतर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा महाग पडते.

एका रात्रीची किंमत

आता हिशेब. गणितापुरते असे धरावे की तंबू १,२०,००० रुपयांचा व दांड्या १५,००० रुपयांच्या, एकूण १,३५,००० रुपये. पाच वर्षे वापरून तो ३५,००० रुपयांस विकला, तर निव्वळ खर्च १,००,००० रुपये, म्हणजे वर्षाला २०,००० रुपये. वर्षातून ५ रात्री वापरल्यास एका रात्रीला ४,००० रुपये पडतात, १० रात्रींस २,००० आणि २० रात्रींस १,००० रुपये.

डोंगरावरील साध्या खोलीचे भाडे २,५०० रुपये व शिबिरस्थळाचे शुल्क ८०० रुपये धरले तर तंबूमुळे रात्रीमागे १,७०० रुपये वाचतात. वर्षाचे २०,००० रुपये भरून निघण्यास सुमारे १२ रात्री हव्यात, म्हणजे दोन-दोन रात्रींच्या सहा सहली. आठवड्याला रविवारची एकच सुट्टी असणाऱ्या घराने हे दिवस पंचांगात शोधून पाहावेत.

यात इंधनाचा खर्च धरलेला नाही. तंबू वर्षभर छपरावरच राहिला आणि वाऱ्याच्या विरोधामुळे लिटरला १५ किलोमीटर चालणारी मोटार साडेतेरा किलोमीटर चालू लागली, तर १०,००० किलोमीटरमागे सुमारे ७४ लिटर पेट्रोल जादा लागते. लिटरला १०० रुपये दराने हे ७,४०० रुपये झाले. तंबू काढून ठेवावा तर प्रत्येक वेळी उचलण्यास दोन-तीन धडधाकट माणसे हवीत.

आता खरेदीच्या मार्गाचा विचार. १,३५,००० रुपये १२ टक्के दराने तीन वर्षांसाठी कर्जाऊ घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ४,४८४ रुपये होतो आणि ३६ हप्त्यांत व्याजापोटी २६,४०० रुपये अधिक जातात. तोच हप्ता साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत भरल्यास सुमारे २८ हप्त्यांत तेवढी रक्कम जमते. आठ हप्ते वाचतात आणि विचार करण्यास दोन वर्षांहून अधिक अवधी मिळतो. घर, शिक्षण वा आजारपण यांसाठी कर्ज घेणे समजण्यासारखे आहे. हौसेसाठी थांबता येते.

घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

छपराची धावती भारमर्यादा तंबू व दांड्यांच्या वजनापेक्षा अधिक आहे काय? घरातील सर्वांना, विशेषतः वृद्धांना, शिडी चढता येते काय? मुक्कामाची जागा रोज बदलणार आहे काय? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. छपरावरचा तंबू उभा असताना मोटार जागची हलत नाही. दूध आणावयाचे असो वा रात्री कोणास दवाखान्यात न्यावयाचे असो, आधी बिछाना आवरावा लागतो. एकाच ठिकाणी दोन दिवस राहणाऱ्यास जमिनीवरचा तंबू अधिक सोयीचा, तर दररोज पुढच्या गावी जाणाऱ्यास छपरावरचा.

मोठे व भक्कम वाहन असलेले, लांबच्या प्रवासास वरचेवर निघणारे दोघे जण असतील, तर हा तंबू त्यांना पैशाचे पुरेपूर मोल देईल. अंबत्तूरच्या त्या पाच जणांच्या घराचे उत्तर मात्र वेगळे निघते. त्यांच्या मोटारीचे छप्पर तो भार पेलत नाही आणि आजीला शिडी चढवत नाही. त्यांनी बारा-पंधरा हजार रुपयांत जमिनीवरचे दोन चांगले तंबू व गाद्या घ्याव्यात, पोंगलच्या सुट्टीत एलगिरीच्या एखाद्या अधिकृत शिबिरस्थळी दोन रात्री काढाव्यात आणि आजीसाठी जवळच एक खोली घ्यावी. छपरावरच्या तंबूचा अनुभव हवाच असेल तर तंबू बसविलेली मोटार एखाद्या सहलीपुरती भाड्याने मिळते काय ते पाहावे.

आणि एक वही ठेवावी. वर्षभरात घराबाहेर तंबूत काढलेल्या प्रत्येक रात्रीची त्यात तारीखवार नोंद करावी. पुढील आयुधपूजेला मोटारीला हार घालताना ती वही उघडावी. बारा नोंदी झाल्या असतील, तर ठेवीत पैसे साठतच आहेत. पुढची मोटार घेताना तिच्या छपराची भारमर्यादा आधी पाहावी आणि मग तंबूकडे वळावे. तीनच नोंदी असतील, तर त्या तीन रात्रींच्या आठवणी आहेतच, आणि साठलेली रक्कमही घरातच आहे.